जिची साक्ष कुणी घेतलीच नाही : मणि कौल यांच्या 'दुविधा'चं प्रकरण

एका व्यापाऱ्याच्या दारात दोन तरुण उभे आहेत. चेहरा एक, आवाज एक, नाव एक. दोघंही म्हणतात, या घरचा मुलगा मी. त्याच सुमारास घरातली सून बाळंत झाली आहे. दोघांपैकी एक तिचा लग्नाचा नवरा. लग्न लागल्याबरोबर तो पाच वर्षांच्या बोलीवर परमुलखात धंद्याला निघून गेला होता. दुसरा भूत. नवऱ्याचं रूप घेऊन तो तेव्हापासून या घरात राहिला आणि जन्मलेली मुलगी त्याची आहे. बापाला दोघांतला फरक ओळखता येत नाही, गावालाही नाही. खरा कोण हे खात्रीने सांगू शकेल असं एकच माणूस त्या गावात आहे, ती सून. तिला कुणी विचारत नाही.

मणि कौल यांच्या १९७३ सालच्या 'दुविधा' या हिंदी चित्रपटाचं हे मूळ प्रकरण. आपल्याकडच्या समांतर सिनेमातला इतका विलक्षण प्रेमपट मी दुसरा पाहिलेला नाही. गंमत नव्हे, खरंच सांगते: प्रेमपटात आपण ज्याची वाट बघतो त्यातलं यात जवळजवळ काही नाही. भेटीचा आवेग नाही, विरहाचं रडणं नाही, चेहऱ्यावर फुलत जाणारे भाव नाहीत. माणसं उभी असतात, बघत असतात, आणि त्यांच्या मनातलं बोलणं पडद्यामागून ऐकू येतं. तरीही दीड तासाच्या आत संपणारा हा चित्रपट पाहिल्यावर त्या दोघांचं एकमेकांवरचं प्रेम आपल्याला पुरतं पटलेलं असतं. हे कसं घडतं, ते इथे सविस्तर तपासायचं आहे. मला सापडलेलं उत्तर असं: भुताची जी अवस्था आहे, म्हणजे देह एकाचा आणि आतला आवाज दुसऱ्याचा, तीच कौल यांनी सगळ्या चित्रपटाची रीत केली. आणि गावाने न घेतलेली त्या बाईची साक्ष याच रीतीमुळे प्रेक्षकापर्यंत पोचते.

बोरुंद्याची गोष्ट

मूळ कथा विजयदान देथा यांची. देथा १९२६ साली राजस्थानातल्या जोधपूर भागातल्या बोरुंदा गावी चारण कुटुंबात जन्मले आणि आयुष्यभर त्याच गावाला धरून राहिले. गावातल्या बायका, गुराखी, म्हातारी माणसं सांगत त्या लोककथा त्यांनी ऐकल्या आणि राजस्थानी भाषेत नव्याने लिहिल्या. त्यांच्या 'बातां री फुलवारी'चे चौदा खंड आहेत. लोकसंस्कृतीचे अभ्यासक कोमल कोठारी यांच्याबरोबर १९६० साली त्यांनी बोरुंद्यात 'रूपायन संस्थान' उभं केलं. देथा लोककथा जशीच्या तशी नोंदवून ठेवणारे नव्हते. कथेचा सांगाडा लोकांचा असायचा, पण त्यातल्या बाईच्या मनात काय चाललं असेल हा भाग ते स्वतः शोधून काढायचे. 'दुविधा'त त्यांची ही ताकद सर्वांत जास्त दिसते.

कथा थोडक्यात अशी. वरात नवरीला घेऊन परत निघाली आहे. वाटेत झाडाखाली विसावा होतो. आसपास केराची झुडपं आहेत, आपल्या कोरडवाहू माळावर ज्याला नेपती म्हणतात ते काटेरी झुडूप. त्याची लाल पिकलेली फळं नवरीला खावीशी वाटतात. नवऱ्याला हे आवडत नाही, असली फळं गावंढळांनी खायची. त्याचं लक्ष वहीत आहे, लग्नाला किती खर्च झाला याचा ताळा जमवण्यात. नवरी स्वतः उतरते आणि फळं तोडते. झाडावरचं भूत तिला तेव्हा बघतं.

आपल्याकडच्या गोष्टींत पिंपळावरचा मुंजा किंवा विहिरीवरची हडळ माणसाला धरते, मग देवऋषी येतो, उतारा होतो. भुताचा आणि माणसाचा संबंध म्हणजे पछाडण्याचा संबंध. देथांच्या भुतालाही ते सहज शक्य आहे. पण तो विचार करतो की आपण हिच्या अंगात शिरलो तर त्रास हिलाच होईल. म्हणून तो तिला जाऊ देतो. प्रेमाची पहिली खूण ही आहे आणि ती त्याच्या माघारीतून दिसते.

घरी पोचल्यावर नवरा रात्रीसुद्धा हिशेबातच बुडालेला. धंद्याला निघायचा मुहूर्त दुसऱ्याच दिवशीचा, आणि असा मुहूर्त पुन्हा मिळायचा नाही, म्हणून तो पाच वर्षांसाठी निघून जातो. वाटेत भुताची त्याच्याशी गाठ पडते. सगळी हकीकत कळल्यावर भूत त्याचं रूप घेऊन घरी येतं. बापाला सांगतं, एका साधूने वर दिला आहे, रोज पाच मोहरा मिळतील, आता परदेशी जायची गरज नाही. बापाचा प्रश्न तिथेच मिटतो.

बायकोशी मात्र तो खोटं बोलत नाही. रात्री खोलीत गेल्यावर तो तिला सांगून टाकतो की मी तुझा नवरा नाही, मी भूत आहे, तुला झाडाखाली पाहिलं आणि तुझ्यासाठी हे रूप घेतलं. आता तू सांगशील तसं. सगळं प्रकरण या कबुलीवर उभं आहे. तो गप्प राहिला असता तर कुणालाच कधी कळलं नसतं. तिच्यासमोर पहिल्यांदाच कुणीतरी निवड ठेवतं, आणि ती ठेवणारा माणूस नसतो. जाणाऱ्याला तिला अडवता आलं नव्हतं. आता येणाऱ्याला अडवायचं की नाही हे तिच्या हातात आहे. ती त्याला ठेवून घेते.

पुण्याहून बोरुंद्याला

मणि कौल १९४४ साली जोधपूरला जन्मले, काश्मिरी कुटुंबात. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले. बंगाली दिग्दर्शक ऋत्विक घटक तिथे शिकवत होते त्या थोड्या काळातले ते आणि कुमार शहानी हे विद्यार्थी. 'उसकी रोटी' (१९६९) आणि 'आषाढ का एक दिन' (१९७१) या दोन चित्रपटांनंतर 'दुविधा' आला. पुण्याशी त्यांचा धागा पुढेही राहिला. 'घाशीराम कोतवाल'वर १९७६ साली तरुण मंडळींच्या सहकारी गटाने जो चित्रपट केला, त्या गटात कौल होते.

'दुविधा'साठी ते कथेच्या जन्मगावीच गेले आणि चित्रीकरण बोरुंद्यात केलं. पैसा फारसा नव्हता. चित्रकार अकबर पदमसी यांनी मदतीचा हात दिला आणि त्यांची मुलगी रईसा नवरीच्या भूमिकेत उभी राहिली. छायालेखन नवरोज काँट्रॅक्टर यांचं. ते मुळात स्थिरचित्रणातले, आणि पूर्ण लांबीचा हा त्यांचा पहिलाच चित्रपट. १६ मिमी फिल्मवर चित्रीकरण करून नंतर ते ३५ मिमीवर मोठं केलं. संगीत राजस्थानच्या लोककलावंतांचं. नवरा आणि भूत या दोन्ही भूमिका रवि मेनन यांनी केल्या. त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार कौल यांना 'दुविधा'साठी मिळाला, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला मल्याळम 'निर्माल्यम'. त्यातही रवि मेनन होते.

हे तपशील महत्त्वाचे वाटतात कारण पडद्यावर जे दिसतं त्यात या माणसांचा हात सतत जाणवतो. चित्रकाराच्या घरची मुलगी, स्थिरचित्रं काढणारा छायालेखक, अभिनयाची नेहमीची रीत नको असलेला दिग्दर्शक. फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँ यांचा आपल्यावरचा प्रभाव कौल उघडपणे मान्य करत. नटाने भावना 'दाखवायची' नाही, फक्त कृती करायची, हा ब्रेसाँचा आग्रह इथे पूर्ण पाळलेला आहे. राजस्थानी लघुचित्रांत माणूस, झाड, झरोका सगळे एकाच पातळीवर, सारख्या लक्षाने काढलेले असतात. 'दुविधा'तली कितीतरी दृश्यं तशी आहेत. पांढरी भिंत, लाल ओढणी, हात, उंबरठा यांना चेहऱ्याइतकाच मान मिळतो.

देह एकाचा, आवाज दुसऱ्याचा

आता मुख्य मुद्दा. 'दुविधा'त पात्रं पडद्यावर फार कमी बोलतात. नवरीचे विचार, भुताचे विचार, निवेदकाची कथा हे सगळं चित्रावर वरून येतं. ओठ मिटलेले आणि आवाज चालू. पहिल्यांदा पाहताना हे खटकतं. मलाही वाटलं होतं की पैसा कमी म्हणून ध्वनी नंतर चढवला असेल आणि तीच मग शैली म्हणून मिरवली असेल. पण कथेतला भूत नेमका कोण आहे हे लक्षात घेतलं की या रीतीचं कारण उलगडतं. भुताला स्वतःचा देह नाही, तो उसना घेतलेला आहे. म्हणून त्याचं बोलणं त्या देहाला कधीच पूर्ण चिकटत नाही. आणि नवरीचं काय? तिला देह आहे, पण त्या घरात तिच्या बोलण्याला जागा नाही. तिचाही आवाज देहापासून सुटून वेगळा राहतो. एकाला आवाज आहे पण देह नाही, दुसरीला देह आहे पण आवाज नाही, आणि कौल दोघांना एकाच रीतीने दाखवतात. प्रेक्षकाला न सांगता कळतं की ही दोघं एकाच बाजूची आहेत.

यामुळे एक फार मोठी गोष्ट साधते. गावात तिला कुणी विचारत नसलं, तरी आपण पहिल्यापासून तिचं म्हणणं ऐकत असतो. तिचं मन प्रेक्षकासाठी उघडं आहे आणि सासर, गाव, न्याय या सगळ्यांसाठी बंद. पुढे दोन नवरे समोर उभे राहतात तेव्हा आपल्याला सगळं माहीत असतं आणि काहीही करता येत नाही. एरवी चित्रपट प्रेक्षकाला रहस्याच्या मागे धावायला लावतो. इथे रहस्य नाहीच, आणि तीच यातना आहे.

स्थिर चौकटींचा वापरही याच अंगाने बघायला हवा. सुरुवातीलाच नवरीचा चेहरा पडद्यावर थांबतो, गोठतो. पुढेही अधूनमधून हालचाल थांबते आणि चित्र छायाचित्रासारखं होतं. या स्त्रीचा वेळ दुसऱ्यांच्या ताब्यात आहे: वरात कधी निघायची, नवरा कधी जायचा, कधी यायचा, सगळं मुहूर्तावर आणि धंद्यावर ठरतं. चित्रपटातला काळ असा अडकत जातो तेव्हा तिच्या वाट बघण्याची लांबी अंगावर येते. कौल पुढे उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांच्याकडे ध्रुपद शिकले, त्यावर त्यांनी चित्रपटही केला. ध्रुपदाचा आलाप ऐकायची सवय असलेल्या माणसाला 'दुविधा'ची लय परकी वाटणार नाही. एका स्वरावर किती वेळ राहायचं हे जाणून घेणारं मन दोन्हीकडे आहे.

दोन पुरुषांतला फरक कौल कसा दाखवतात? वेषाने नाही, आवाजाच्या पट्टीनेही नाही. नट तोच, पगडी तीच. फरक फक्त लक्ष कुठे आहे याचा. नवऱ्याचं लक्ष वहीत, भुताचं तिच्यात. केराची फळं तोडणारी नवरी दोघांच्याही समोर होती. एकाने गावंढळपणा पाहिला, दुसऱ्याने तिला पाहिलं. भूत भुताटकीने तिला जिंकत नाही. त्याचं सगळं सामर्थ्य म्हणजे तो तिच्याकडे बघतो आणि तिला विचारतो. यातलं अद्भुत काय, असा प्रश्न मला दर वेळी पडतो. नवरा लग्नाच्या रात्री ताळेबंद करतो हे लोकांना साधं वाटतं, आणि कुणी बायकोचं मत विचारलं तर ते भूतच असणार.

पाच मोहरा

या प्रेमकथेत पैशाचा भाग किती पक्का आहे ते बहुतेक लिहिणाऱ्यांच्या नजरेतून सुटतं. व्यापाऱ्याचं घर आहे. मुलगा लग्न सोडून जातो तो कर्तव्य म्हणून, धंद्यासाठी, बापाच्या इच्छेने. भूत घरात शिरतं तेही पैशाच्या दारातून. रोज पाच मोहरा. बापाला शंका घ्यायला कितीतरी जागा आहे: पाच वर्षांसाठी गेलेला मुलगा लगेच परत कसा आला, साधू कुठला, वर कसला. पण मोहरा रोज येतात आणि बाप गप्प राहतो.

म्हणजे घराला भूत चालतं. जोवर हिशेब जुळतो तोवर मुलगा खरा की खोटा हे कुणी तपासत नाही. पुढे खरा मुलगा दारात येतो तेव्हाच प्रश्न उठतो, आणि तोही सुनेच्या मनाचा म्हणून नाही; वारस कोण, मुलगी कुणाची, घराचं नाव काय, हे प्रश्न असतात. देथांनी भुताला श्रीमंत केलं नसतं तर कथा साध्या फसवणुकीची झाली असती. मोहरांमुळे कळतं की या घरातलं सगळं नातं आधीपासूनच विकत घेता येण्यासारखं होतं. विकत घेता आलं नाही ते एकच, तिची संमती, आणि भुताने ती विकत घ्यायचा प्रयत्नच केला नाही. तिच्यासमोर तो मोहरा ठेवत नाही.

भुताचं वागणं निर्दोष आहे असं माझं म्हणणं नाही. तो बापाला फसवतो, गावाला फसवतो, एका माणसाची जागा बळकावतो. त्या नवऱ्याचाही विचार करायला हवा. तो क्रूर नाही, त्याला दुसरं काही शिकवलेलंच नाही. परत आल्यावर त्याला दिसतं की आपल्या जागी आपणच राहतो आहोत आणि आपल्यापेक्षा बरे आहोत. कौल त्याला खलनायक करत नाहीत. दोन्ही भूमिका एकाच नटाला देण्याचा हा मोठा फायदा आहे: ज्याच्यावर आपण नाराज आहोत आणि ज्याच्यावर आपला जीव जडला आहे, तो चेहरा एकच.

धनगराचा न्याय

दोघांची गोष्ट गावाला सुटत नाही म्हणून सगळे राजाकडे न्याय मागायला निघतात. राजापर्यंत पोचायची वेळच येत नाही. वाटेत एक मेंढपाळ भेटतो आणि तो निकाल लावतो. त्याच्या कसोट्यांतली शेवटची अशी: पाणी वाहून न्यायच्या चामड्याच्या पिशवीत जो शिरून दाखवेल तो खरा. माणसाला ते शक्य नाही. भूत शिरतं. पिशवीचं तोंड बांधलं जातं आणि प्रकरण मिटतं.

लोककथेत ही युक्ती जुनी आहे, भुताला त्याच्याच सामर्थ्यात अडकवायची. ऐकणाऱ्यांना धनगराच्या हुशारीचं कौतुक वाटावं अशीच ती रचलेली असते. 'दुविधा'त मात्र त्या हुशारीने पोटात कालवतं. भूत पिशवीत का शिरतं याचा विचार करा. त्याला खरं ठरायचं आहे, तिच्याबरोबर राहायचं आहे. आयुष्यभर, म्हणजे भुताला जे काही आयुष्य असेल तेवढा काळ, तो तिच्याशी खरं बोलला. आणि जगासमोर एकदा खरं ठरायला गेला तिथेच संपला. कसोटी अशी होती की ती पार करणं हाच खोटेपणाचा पुरावा.

न्यायाच्या अंगाने पाहिलं तर या प्रकरणातला दोष लगेच दिसतो. दोन दावेदार आहेत. प्रत्यक्ष माहिती असलेली साक्षीदार हजर आहे. तिला बोलावलं जात नाही. चौकशी चेहऱ्यांची होते, शक्तीची होते, युक्तीची होते. जिच्यावर निकालाचा सगळा परिणाम होणार ती घरी, बाळाजवळ. तिला निकाल नंतर कळतो. ज्याने विचारलं होतं तो गेला आणि ज्याने कधी विचारलं नाही तो परत आला, एवढंच तिच्या वाट्याला येतं.

इथे गिरीश कार्नाडांचं 'नागमंडल' आठवल्याशिवाय राहत नाही. माथेरानला जन्मलेल्या, कन्नडमध्ये लिहिणाऱ्या कार्नाडांचं हे नाटकही लोककथांवरूनच आलं आहे. त्यातही नवऱ्याचं रूप घेऊन रात्री कुणीतरी येतं, तो नाग असतो. पण तिथे राणीला पंचांसमोर उभं केलं जातं. ती वारुळात हात घालून शपथ घेते की नवरा आणि हा नाग यांच्याखेरीज कुणाला मी शिवलेलं नाही. शब्दशः खरी शपथ, म्हणून ती वाचते आणि गाव तिला देवी मानतं. म्हणजे साक्ष घेतली की बाई वाचते, भले ती साक्ष निम्मीच समजलेली असो. राणीला मात्र नाग कोण हे शेवटपर्यंत नीट कळलेलं नसतं. देथांच्या नवरीला पहिल्या रात्रीपासून सगळं माहीत आहे. बहुधा म्हणूनच तिला विचारणं गावाला परवडणारं नाही. तिने खरं सांगितलं असतं तर? नवरा कोणता हे तिने दाखवलं असतं, आणि त्याचबरोबर मला कोण हवा आहे हेही सांगितलं असतं. पहिल्या उत्तरासाठी गाव तयार होतं, दुसऱ्यासाठी नव्हतं.

दुसरा शेवट

अमोल पालेकरांनी २००५ साली याच कथेवर 'पहेली' केला. शाहरुख खान दोन्ही भूमिकांत, राणी मुखर्जी नवरीच्या, अमिताभ बच्चन मेंढपाळाच्या. पटकथा संध्या गोखले यांची. भारताकडून ऑस्करसाठी तोच पाठवला गेला. पालेकरांना हा विषय अचानक सुचलेला नव्हता. त्यांच्या 'अनाहत' (२००३) या मराठी चित्रपटात राजाला मूल होऊ शकत नाही म्हणून राणीने एका रात्रीपुरता दुसरा पुरुष निवडावा असं ठरतं, आणि त्या रात्रीनंतर तिला आपल्या इच्छेचा शोध लागतो. लग्नात बाईच्या इच्छेचं स्थान काय, हा प्रश्न घेऊनच ते 'पहेली'कडे आले होते.

'पहेली'त भूत शेवटी पिशवीतून सुटतं आणि नवऱ्याच्याच देहात राहायला येतं. आता नवरा आणि प्रियकर एकच. मोठ्या पडद्यावर हे पाहताना लोकांना समाधान वाटलं आणि ते मला समजतं. तिला सुख मिळावं असं कुणाला वाटणार नाही? पण प्रकरणाच्या अंगाने पाहिलं तर या शेवटात साक्षीची गरजच संपते. दोघांतला एकच उरला की निवड करायला काही शिल्लक राहत नाही. आणि खरा नवरा कुठे गेला, या प्रश्नाकडे चित्रपट वळत नाही. आपल्याच देहातून बाहेर पडलेल्या त्या माणसाबद्दल मला दर वेळी वाईट वाटतं. 'दुविधा'त कुणालाच सोडवलेलं नाही, म्हणून तिघांबद्दलही वाईट वाटत राहतं.

'दुविधा'वर आक्षेप तेव्हाही होते. सत्यजित राय यांनी १९७४ साली तेव्हाच्या नव्या चित्रपटांचा परामर्श घेताना कौल यांच्या या वाटेबद्दल नाराजी स्पष्टपणे मांडली होती. त्यातलं काही मला मान्य आहे. चित्रात जे दिसून चुकलं तेच निवेदन कधीकधी पुन्हा सांगतं, आणि अशा वेळी वरून येणारा आवाज ओझं होतो. सुरुवातीचा भाग पाहताना नवा प्रेक्षक थकतो. फिल्म सोसायटीच्या खेळाला पहिल्या वीस मिनिटांत उठून जाणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांना दोष देत नाही. पण पात्रं निर्जीव आहेत हा आक्षेप मला पटत नाही. रईसाचा चेहरा भाव दाखवत नाही म्हणून तो रिकामा आहे असं नाही. तिच्या मनात काय आहे ते आपण ऐकत असतो आणि चेहरा ते बाहेर येऊ देत नसतो. परक्या घरात आलेल्या नव्या सुनेचा चेहरा असाच असतो.

दोन्ही चित्रपट पाहायचे असतील तर 'दुविधा' आधी पाहावा. 'पहेली' आधी पाहिला की भुताला शाहरुखचा चेहरा आणि आवाज चिकटतो, आणि मग कौल यांनी मुद्दाम मोकळी ठेवलेली जागा आपण त्याने भरत बसतो. पाहताना एक गोष्ट करून पाहावी. नवरीचा आवाज कधी येतो आणि त्या वेळी खोलीत आणखी कोण कोण आहे, तेवढंच लक्षात ठेवत जावं. त्यातलं कोण ऐकू शकलं असतं आणि कुणी ऐकलं, याची यादी शेवटाला आपोआप तयार होते, आणि तिच्यात माणूस एकही नसतो.